डावा हात, उजवा डोळा

“आई, डोळा मिटू नका ना. मिटलात तर जीभ कुठं लावू मी?”

“मी कुठं मिटतेय गं? त्योच मिटतोय मेला,” असं म्हणून आवडीने डोळा आणखी घट्ट मिटला.

खळ्यावरची झोडणी थांबली होती. भुसा अजून हवेतच होता, दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येत होतं आणि आवडी सुनेच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. सगळंच उलटं चाललं होतं. एरवी मांडी आवडीची असायची आणि डोकं दुसऱ्या कुणाचं. पोशीर गावात कुणाच्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलं, की माणूस हातातलं काम टाकून आवडीकडे पळायचा. ती चूळ भरायची, तुळशीचं पान चावायची, दोन बोटांनी पापण्या फाकवायची आणि जिभेचं टोक बुबुळावरून हलकेच फिरवून कुसळ उचलून घ्यायची. मग बाजूला थुंकून म्हणायची, “जा आता, चोळू नको.” या कामाचं काही घ्यायचं नाही, घोटभर चहासुद्धा नाही, ही तिच्या आईने माहेरी, पळसदरीला, घालून दिलेली रीत. पण आता कुसळ तिच्याच डोळ्यात गेलं होतं, आणि स्वतःची जीभ स्वतःच्या डोळ्याला पोचेल अशी सोय देवाने केलेली नाही.

“कर गं बिगीबिगी. तुझ्या आईचा डोळा हाय असं समज.”

“माझ्या आईच्या डोळ्यालाबी नाय लावणार मी जीभ,” रूपाली म्हणाली. तिला या प्रकाराची पहिल्यापासून किळस. तरी बिचारीने चूळ भरली, पान चावलं, आपलेही डोळे मिटून घेतले आणि जीभ पुढे केली. ती आवडीच्या नाकाला लागली.

खळ्याच्या कडेला खाटेवर बसलेल्या आवडीच्या नवऱ्याने, कोंडाजीने, कपाळावर हात मारून घेतला.

कसंबसं कुसळ निघालं. रूपाली ओकाऱ्या काढत नळाकडे धावली. आवडीने डोळा उघडला, पाण्याच्या पडद्यातून समोर बघितलं, तर नवऱ्याचा डावा हात मनगटातून गरागरा फिरत होता. म्हणजे, काय झालं, निघालं का, की राहिलं आतच?

“निघालं, निघालं. तुमी गप बसा वाईच,” आवडी म्हणाली.

आता कोंडाजी कितीतरी वर्षं गपच होता. नेरळच्या भातगिरणीत पोती मोजायला होता तेव्हा त्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. मग एके दिवशी तिथेच लकवा झाला आणि उजवं अंग नि वाचा दोन्ही गेली. ऐकू छान यायचं, डोकं शाबूत होतं, राग तर नवाकोरा होता. सगळी भिस्त राहिली डाव्या हातावर आणि भुवयांवर. पहिलं वर्षभर त्याने त्या हाताने भांडी फेकली. दुसऱ्या वर्षी आवडीला त्यातलं काही काही कळायला लागलं. आडवा तळहात म्हणजे तुझं चुकतंय. बोट नाकाला लावलं म्हणजे मी आधीच सांगितलं होतं. एक भुवई वर गेली तर शंका, दोन्ही गेल्या तर भांडण. असं करत करत दोघांची एक बोलीच झाली. लेकाला ती धड येत नव्हती, सुनेला तर नाहीच. आवडी तोंडाने बोलायची, कोंडाजी हाताने, आणि चूल पेटल्यापासून अंथरूण घालेपर्यंत दोघांची हुज्जत चालायची. कोंडाजीने उभ्या जन्मात आपलं म्हणणं मागे घेतलं नव्हतं. वाचा गेली म्हणून काही ते बदललं नाही.

आवडी ही हुज्जत वाचायची ती एका डोळ्याने. डावा लहानपणीच गेला होता, पळसदरीच्या माळावर विटी लागून. उजवाच काय तो खरा.

दोन दिवस डोळा लाल राहिला. कोंडाजीचं बोट नाकाला गेलं, मग नेरळच्या रस्त्याकडे वळलं. म्हणजे डॉक्टरकडे जा. “झोडणी टाकून? कुसळासाठी?” आवडी म्हणाली. तेवढ्यात शेजारची शकू एक छोटी बाटली घेऊन आली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या उन्हाळ्यात झालं होतं आणि तेव्हाचे थेंब उरले होते.

“घाल गं आवडे. माझा डोळा या थेंबांनी बघ कसा झालाय. सुई ओवते मी आता.”

थेंब घातले आणि काय सांगावं, गुण आला! लाली उतरली, ठणका थांबला. आवडीने शकूला वालाच्या बियाण्यातलं पसाभर बियाणं दिलं. चार-पाच दिवस आनंदात गेले. मग एका सकाळी ती अंगणात आली आणि म्हणाली, “आज धुकं किती पडलंय गं!”

रूपाली भांडी घासत होती. तिने आजूबाजूला बघितलं. ऊन लख्ख पडलं होतं.

जगदीशने खालापूरच्या कंपनीत रजा टाकली आणि आईला घेऊन गेला. खोपोलीच्या अलीकडे हायवेला लागून डोळ्यांचं एक हॉस्पिटल होतं, तिथे. सगळा रस्ता आवडीच्या डोळ्यासमोरून पांढरा पांढरा होऊन जात होता. झाडं होती, पण ती कुणीतरी दुधात बुडवून ठेवल्यागत. “दहिवली आली का रं?” तिने विचारलं. जगदीश म्हणाला, “कधीच मागं पडली.” तिला वाटलं, आपण झोपेतच चाललोय, आणि जाग आली की खळ्यावर असू.

डॉक्टर छाया म्हणून एक होत्या. आवाजावरून तरणी बाई वाटत होती, हात मात्र थंड आणि ठाम. त्यांनी सगळी हकीकत विचारून घेतली, डोळा बधिर केला, बुबुळावरचं थोडं खरवडून काचेवर घेतलं, आत जाऊन दुर्बिणीखाली बघितलं आणि परत आल्या.

“आवडीबाई, डोळ्यात बुरशी झाली आहे.”

“बुरशी? लोणच्यावर येती ती?”

“तिचीच बहीण समजा. शेतातल्या पातीवर, कुसळावर असतेच ती. जखम झाली की आत शिरते. आणि तुम्ही जे थेंब घातलेत ना, ते सूज उतरवणारे. लाली गेली, पण डोळ्याची लढायची ताकदही गेली. बुरशीला रान मोकळं मिळालं.” मग त्या म्हणाल्या, “जिभेचंही आता बंद करा बरं का. तुमचं चांगलं मन आहे, पण तोंडातली घाण डोळ्यात जाते.”

कुणाकुणाची डोकी मांडीवर घेतली होती ती सगळी आवडीला आठवायला लागली. त्यातलं कुणी आंधळं झालं नव्हतं, हे तिने मनात पुन्हा पुन्हा तपासून बघितलं.

तिला ठेवूनच घेतलं. बायकांच्या खोलीत खिडकीजवळची खाट मिळाली. दर तासाला कुणीतरी येऊन डोळ्यात बुरशीवरचे थेंब घालायचं, आणि मधल्या वेळात आवडी पडून राहायची. जाग कुठली आणि झोप कुठली हे तिला समजेना. डोळा उघडला तर पांढरं. मिटला तर मात्र सगळं स्वच्छ: पोशीरची नदी, दगडावर धुणं, पलीकडे हिरवा डोंगर. म्हणून ती मिटूनच ठेवायला लागली. एकदा स्वप्नात कोंडाजी आला. खळ्यावरून सरळ चालत आला, दोन्ही पायांनी, आणि चांगलं खणखणीत बोलायला लागला. जुना गिरणीतला आवाज. तो बराच वेळ बोलला. आवडी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग वैतागून म्हणाली, “असं नगा बोलू ओ. हातानं सांगा, मला कळत नाय.”

जागी झाली तेव्हा गाल ओला होता. थेंबांनीच झाला असेल, असं तिने नर्सला सांगितलं.

आठवडा गेला, पांढरं काही हटेना. उलट बुबुळाच्या मागे पू साचायला लागला. डॉक्टर छायांनी जगदीशलाही खाटेजवळ बोलावून घेतलं.

“थेंब वरवर पोचतात,” त्या म्हणाल्या. “बुरशीने आत मुळं धरली आहेत. तिथवर औषध न्यायचं तर डोळ्याच्या आत टोचावं लागेल.”

“डोळ्यात? सुई?” आवडी उठूनच बसली.

“बधिर करून. सुईचं एवढं भ्यायला नको, ते क्षणाचं काम आहे. औषधाचं मात्र थोडं भ्यायला हवं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. हे औषध शिरेतून द्यायला म्हणून बनतं. डोळ्यात सोडायचं म्हणून वेगळं तयार होऊन येत नाही. आम्ही पावडर विरघळवतो, पातळ करतो, परत पातळ करतो, आणि त्यातलं मुंगीची तहान भागेल एवढंच आत सोडतो. एवढ्या मापात बहुतेक डोळ्यांना ते सोसतं. माप वाढलं तर डोळ्याच्या आतला पडदा, ज्याच्यावर चित्र उमटतं तो, भाजून निघतो. तो मग परत येत नाही.”

“आन् माप बरोबर असलं तर?”

“तरी एखाद्या डोळ्याला नाही सोसत. कुठल्या, ते आधी सांगता येत नाही.”

जगदीशचा आवाज चढला. “म्याडम, मी मोबाइलवर वाचलंय. पडद्याला विषारी हाय असं सरळ लिवलंय तिथं. आईला एकच डोळा हाय! तुमी शंभर टक्के सांगा, नायतर मी मुंबईला नेतो.”

“न्या. मी चिठ्ठी देते, जाताना थेंब चालू ठेवा. पण तिथेही हेच औषध आहे आणि हीच सुई. उशीर तेवढा होईल. शंभर टक्के कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.”

“नाय टोचलं तर काय व्हईल?” आवडीने विचारलं.

“बुरशी डोळा खाईल. कदाचित काढावाच लागेल.”

डॉक्टर विचार करायला वेळ देऊन गेल्या. जगदीश खाटेच्या लोखंडावर बोटं वाजवत बसला. आवडीला त्याची दया आली. लहानपणी हाच पोरगा डोळ्यात साबण गेला तरी मरतो मरतो म्हणून गाव डोक्यावर घ्यायचा. तिला स्वतःला काय वाटत होतं म्हणाल, तर ती मनात हिशेब मांडत होती. आंधळी बाई काही मरत नाही, घर हाताला माहीत असतं, चूलसुद्धा जमेल. पण कोंडाजी? त्याचा हात हवेत हलत राहील आणि तो कुणालाच दिसणार नाही. घरात चार माणसं असून तो एकटा पडेल, आणि तीही. एवढंच तिला रडवत होतं.

“बाबांना फोन लाव,” ती म्हणाली. “चित्र दिसतं तसला.”

पलीकडे रूपालीने फोन कोंडाजीसमोर धरला. जगदीशने सगळं सांगितलं, सुई, माप, पडदा, मुंबई. आवडीच्या हातातल्या फोनमध्ये एक उजळ चौकोन होता, बाकी काही नाही.

“काय म्हणतात गं?” तिने विचारलं.

“हात हलवतायत. मला नाय कळत, आई.”

“कळायचं नाय तुला. दिसतंय तसं नुसतं सांग.”

“मूठ केलीय.”

“अंगठा कुठं हाय?”

“आत. बोटांच्या आत दाबलाय, घट्ट.”

ही खूण कोंडाजीने आवडीला एकदाच दाखवली होती, लकव्यानंतर घरी आणलं त्या दिवशी, सगळे पाहुणे गेल्यावर. तेवढी एक तिला तेव्हाच कळली होती: मला भ्या वाटतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने भांडी फेकायला सुरुवात केली आणि ती खूण पुन्हा कधी काढली नाही.

“काय म्हणतात बाबा?” जगदीश उतावीळ झाला होता.

“म्हणतात, घे टोचून,” आवडी म्हणाली. “म्हणतात, मुंबईबिंबई काय नको, बाई हुशार हाय, तिच्या हातनं घे.”

फोनमधून धाडधाड आवाज यायला लागला.

“आई, बाबा खाटेवर मूठ आपटतायत!” रूपाली ओरडली.

“आनंद झालाय त्यांना. ठेव फोन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. डोक्यावर कापड, कापडाला भोक, भोकात डोळा. थेंबांनी डोळा लाकडासारखा झाला.

“सुई येताना दिसंल का मला?” तिने विचारलं.

“सावली दिसेल कदाचित. वर छताकडे बघत राहा.”

“छत मला कुठं दिसतंय बाई! नुसतं पांढरं हाय.”

“मग पांढऱ्याकडे बघा.”

तिने पांढऱ्याकडे बघितलं. कुणीतरी डोळ्यावर अंगठा दाबावा तसा भार आला. आणि मग इतक्या दिवसांनी आवडीला काहीतरी दिसलं. पांढऱ्यात एक करडी रेघ उतरली, तिच्या टोकाशी धूर सुटला. धूर कसला, तांदूळ धुताना पहिलं पाणी गढुळतं, तसं काहीतरी हळूहळू पसरत गेलं. वळत गेलं. घाई नव्हती कशाची. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण डोळ्याच्या आत असं आभाळ असतं हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिला उगाच वाटलं, हे कोंडाजीला सांगायला पायजे, त्याला खोटं वाटंल, आडवा हात करंल.

“झालं,” डॉक्टर म्हणाल्या. “छान राहिलात. हलला नाहीत.”

“कशी हलू? बघत हुते.”

डोळ्यावर पट्टी आली. आता सगळा खेळ त्या पट्टीआड चालला होता आणि तो कुणालाच दिसत नव्हता. औषध बुरशीला मारतंय की पडद्याला, हे पट्टी सुटेपर्यंत कळणार नव्हतं. जगदीश येरझाऱ्या घालत होता. आवडीने त्याला शेवटी कामावर पिटाळलं. “तू हितं थांबून काय डोळ्यात शिरणार हायस का? जा, रजा संपल तुजी.”

पट्टी काढली तेव्हा डॉक्टर छायांनी खोलीतला दिवा घालवला आणि हातात बॅटरी घेतली.

“उजेड दिसतोय?”

“हां.”

“कुठून येतोय?”

आवडीने जरा विचार केला. खिडकी कुठे, हायवे कुठे, हे सगळं तिने पडल्यापडल्या कानांनी बसवून ठेवलं होतं. “खोपोलीच्या अंगानं,” ती म्हणाली.

डॉक्टर थांबल्या. “म्हणजे? उजवीकडून?”

“हां. आता आला पळसदरीकडनं. माजं माहेर हाय तिथं. आता... आता वरनं. आता खालनं, घाटाखालनं.”

डॉक्टर छाया हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी आवडीचा खांदा इतका दाबला की तो दुखला. “चारही दिशा बरोबर! पडदा शाबूत आहे तुमचा. औषध सोसलं.”

“मग पांढरं कधी जायचं?”

त्या प्रश्नाचं उत्तर मात्र एकदम आलं नाही. आणखी एकदा टोचावं लागलं. पुन्हा तीच धास्ती, तीच पट्टी, तोच बॅटरीचा खेळ. पू आटला, बुरशी मेली. पण जिथे ती रुजली होती तिथे बुबुळावर फूल पडलं, पांढरा डाग, चांगला मोठा, मधोमध. “आतून डोळा जिवंत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “खिडकीची काच तेवढी गेली. कुणाचं बुबुळ मिळालं तर बसवता येईल. नाव लावून ठेवू. केव्हा मिळेल ते मात्र मी नाही सांगू शकत.”

“तोवर किती दिसंल?”

“उजेड, सावली, काही हलत असलं तर ते.”

आवडीने मान हलवली. मग म्हणाली, “तुमी मला खोटं कायच सांगितलं नाय. बरं वाटलं.” आणि रडली. सगळ्यांसमोर रडली, अजिबात लाजली नाही.

घरी आली ती उतरत्या उन्हात. भाताच्या शेतात वाल लावून झाला होता, ओल्या मातीचा वास येत होता. जगदीशने तिला दंडाला धरून अंगणात आणलं. पडवीत खाट कुठे आहे हे तिला माहीत होतं. त्या जागी एक गडद ठिपका होता, आणि ठिपक्यात काहीतरी हलत होतं. भराभरा हलत होतं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडत असणार. आवडी उभी राहून बघत राहिली. त्यातलं एक अक्षरही तिला लागलं नाही.

“हां, बरी हाय मी,” ती अंदाजाने म्हणाली. “जेवले मी, वाटेत.”

हलणारं थांबलं.

“आई, बाबा तसं नाय विचारत, ते म्हणतात—” रूपालीने सुरुवात केली. आवडी नसताना तिला थोडं थोडं यायला लागलं होतं.

“मला कळतंय काय म्हणतात ते,” आवडी एकदम तुटक बोलली. “तू नको सांगूस मधी.”

रूपाली आत निघून गेली. आवडीला वाईट वाटलं, पण तिने तिला परत बोलावलं नाही.

दिवेलागणीला तिने हट्टाने ताट आपल्याच हाताने वाढायला घेतलं. रूपाली तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, टोपलीतून वाफ येत होती. आवडीने भिंतीला हात लावत लावत पडवी गाठली, कोंडाजीसमोर बसली, टोपली मांडीशी घेतली.

“किती वाढू?”

वरच्या बल्बच्या उजेडात त्याचा हात वर आला. पांढऱ्यात एक काळपट आकार. आवडीने मान पुढे केली, तिरकी केली, डोळा बारीक केला. बोटं काही वेगळी होईनात. समोरून आवाज नाही, हालचाल नाही. तो वाट बघत होता.

“दोन,” ती म्हणाली.

आत, पडवी दिसेल अशा चुलीपाशी, रूपालीचं भाकरी थापणं थांबलं. “अहो आई, बाबांनी तर—” आणि ती मधेच गप्प झाली.

आकार हलला. हलणारं आवडीला दिसत होतं. तो थोडा बारीक झाला, एक बोट मिटावं तसा, आणि मग तिथेच उभा राहिला, तिच्या तोंडाच्या अगदी जवळ, न हलता, तिला बघून घ्यायला हवा तेवढा वेळ.

“दोनच. बरोबर, आई,” आतून रूपाली म्हणाली.

आवडीने दोन भाकऱ्या ताटात ठेवल्या, वर वालाची उसळ घातली, आणि त्याचं जेवण ऐकत समोर बसून राहिली. कोंडाजी सावकाश जेवत होता. दोन्ही भाकऱ्या संपल्याचं तिला कळलं तेव्हा तिने काही विचारलं नाही. टोपलीत हात घालून तिसरी काढली आणि त्याच्या ताटात ठेवली. कोंडाजीने ती मोडून खायला घेतली.